वरचे दात

समोरचा माणूस हसला की परसूअण्णा आधी त्याचे वरचे दात दिसतात का ते बघायचा. नुसते खालचे दिसले तर निश्चिंत होऊन आपणही हसायचा. वरचे दिसले की त्याचा चेहरा गंभीर व्हायचा आणि तो शेजारच्याला कुजबुजत सांगायचा. ते कुजबुजणं अख्ख्या हॉटेलला ऐकू जायचं. “भ्यालाय ह्यो. हसत न्हाई.”

हसताना माणसाचे वरचेच दात दिसतात, हे मी त्याला अनेकदा समजावून पाहिलं. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे.

“तुमी जलमभर माणसांतच राहिलासा न्हवं मास्तर. म्हणून तुमास्नी तसं वाटतंय.”

परसूअण्णाचा जन्म गेला होता चिंपांझींत. मूळचा तो आमच्याच तालुक्यातल्या दिग्गीकडचा. भातशेती आणि जंगलातली मजुरी सोडून तरुणपणीच आखातात गेला. तिथं एका धनिकाला वाघ-सिंह पाळायची हौस होती. त्याच्या खासगी प्राणिसंग्रहात परसूअण्णा झाडू मारायला लागला आणि चिंपांझींचा मुख्य रखवालदार होऊन निवृत्त झाला. मग बायकोच्या माहेरी, म्हणजे कर्नाटकच्या टोकाला घाटमाथ्यावर असलेल्या आमच्या कॅसलरॉकला, येऊन राहिला. नशीब असं की त्याचं घर माझ्या घराला लागून. मधे एक भिंत, तीही पाऊस लागला की ओलीचिंब होणारी.

त्याच्यासमोर कुणी ‘माकड’ म्हटलेलं चालत नसे. “माकडाला शेपूट असतंय,” तो म्हणायचा. “हिला हाय काय?” ही म्हणजे नूरा. बाकीच्या चिंपांझींची नावं तो एका दमात सांगून मोकळा व्हायचा. नूरा पिल्लू असताना त्याच्या हाताखाली आली होती, त्यामुळे तिचं नाव घेताना तो जरा थांबायचा.

तो येईपर्यंत स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात माझं एक स्थान होतं. हॉटेल म्हणजे चुलीवरचा चहा, भजी आणि दोन बाकं. घाट चढून आलेल्या मालगाड्यांची जादा इंजिनं सुटेपर्यंत रेल्वेची माणसंही तिथंच टेकत. बारा गावचं राजकारण, पेपरातली बातमी, मुलाला पुढं कुठं घालावं, हे सगळं मला विचारलं जायचं. इथल्या मराठी शाळेत मी आयुष्य काढलं, बायको गेल्यावरही मुलीकडे बेळगावला न जाता इथंच राहिलो, घरात भिंतभर पुस्तकं आहेत. लोकांनी विचारावं हे रास्तच होतं. परसूअण्णा आला आणि महिनाभरात लोक बाकावर अंग वळवून त्याच्याकडे तोंड करून बसू लागले. माझ्याकडे पाठी आल्या. मी पेपर मोठ्यानं वाचत राहिलो. पेपर मोठ्यानं वाचणाऱ्या माणसाला कुणी गप्प करत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

त्याला इंग्रजी येत नव्हतं, अरबी तोडकंमोडकं यायचं, पुस्तक त्यानं शाळेनंतर हातात धरलं नव्हतं. पण तो हाताची बाही वर सारून “केस असे उभारले की समजायचं, आतनं खवळलीया, मग राग आसूं दे न्हाईतर आनंद,” असं सांगू लागला की भजी थंड व्हायची. तो खाजवून दाखवायचा: मनगटापासून कोपरापर्यंत, सावकाश, लांब ओरखडे. “खाज न्हाई ही. ही काळजी. चिंपांझी काळजीत पडली की आसंच करतीया.” जांभईसुद्धा झोपेची नसते, म्हणायचा. घोर लागला की देतात. शाळेच्या वार्षिक समारंभात माझं प्रास्ताविक झालं तेव्हा पहिल्या रांगेत बऱ्याच जांभया दिसल्या होत्या. परसूअण्णानं नंतर मला बाजूला घेऊन धीर दिला.

“मास्तर, लोकं कटाळली नव्हती बरं का. घोर लागला व्हता तेंना. तुमी थांबणार कवा म्हणून.”

याच माणसानं एकदा माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलं. शाळेला नवी खोली बांधून झाली होती आणि उद्घाटनाला एक पुढारी येणार होते. स्वागताचं भाषण माझं. त्यात मी दोन संस्कृत सुभाषितं घातली होती आणि एक कानडी वचन, म्हणजे मराठी-कानडी दोन्ही बाजू खूश. पुढारी आले, शाल झाली, फेटा झाला, आणि ते बोलायला उभे राहिले. आवाज चढला. एक हात हवेत, दुसरा टेबलावर. टेबल दणदणू लागलं, त्यावरचा तांब्या नाचू लागला. त्यांनी माईकचा दांडा धरून असा हलवला की लाऊडस्पीकर किंचाळला. मी व्यासपीठावर कोपऱ्यातल्या खुर्चीत होतो. समोर दुसऱ्या रांगेत परसूअण्णा बसला होता आणि त्याच्या भोवतीची सगळी रांग त्याच्याकडे झुकली होती.

“आता बघा,” त्याचं कुजबुजणं मला व्यासपीठावर ऐकू आलं. “आदी झुलतोय. मग फांदी हलवतोय. मग डबा वाजवतोय. नर मोठा व्हायचा आसला की ह्येच करतोय. कुणाला मारायचं नसतंय तेला. नुसतं, मी हाय, मी हाय.”

“आनी मग, अण्णा?”

“मग काय, बसतोय. दमलेला असतोय. केळं खातोय.”

पुढारी टाळ्यांत खाली बसले. समोरच्या थाळीत चिवडा होता, बर्फी होती, इथल्याच परसातली केळी होती. त्यांनी केळं उचललं.

त्या दिवशी दुसऱ्या रांगेत जे हसू फुटलं, त्यात वरचे-खालचे सगळे दात होते. पुढाऱ्यांना वाटलं आपलं भाषण रंगलं, तेही हसले. माझ्या सुभाषितांची आठवण आज कुणाला नाही, केळ्याची सगळ्यांना आहे. मला हसू आवरत नव्हतं आणि ते आपल्याला सुचलं नाही याची आग होत होती, दोन्ही एकदम. त्या अवस्थेत माझे कुठले दात दिसत होते कोण जाणे.

या कीर्तीचा परिणाम असा झाला की लोक परसूअण्णाला स्थळं बघायला नेऊ लागले. मुलीकडच्यांनी त्याला लांबचा मामा म्हणून कोपऱ्यात बसवायचं. त्यानं पोहे खात मुलाचं निरीक्षण करायचं आणि पाहुणे गेले की निकाल द्यायचा. पत्रिका बघणारे भटजी त्याच्यावर खार खाऊन होते. या एका बाबतीत भटजींचं आणि माझं एकमत होतं.

रुक्माक्काच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, धाकट्या भावाची मुलगी सुनंदा. भाऊ कॅसलरॉक सोडून नंदिगड्ड्याला गेलेला; तिथं घर, सुपारीची लहानशी बाग. तिला बघायला जगलबेटकडचा मुलगा येणार होता. भर पावसाळा. रस्ता शेवटी शेवटी वाहून गेलेला, त्यामुळे पाहुणे गाडी लांब ठेवून बागेतून चालत आले. मुलगा बोलायला चांगला, नोकरीला होता, पण पोहे समोर आले आणि त्यानं पोटरी खाजवायला सुरुवात केली. सुनंदा आली, खाजवणं चालूच. तिनं नाव सांगितलं, त्यानं खाजवलं. परसूअण्णाची मान हळूहळू नकारार्थी हलू लागली.

पाहुणे गेल्यावर त्यानं मेहुण्याला ओसरीवर घेऊन सांगितलं, “पोरगा काय तरी लपवतोय. लई घोरात हाय. देऊ नगासा.” मेहुण्यानं निरोप धाडून टाकला. सुनंदा आत रडली. ती का रडते हे कुणी विचारलं नाही, कारण निकाल लागला होता.

रुक्माक्काही तिथंच होती, पण आत; हा निकाल तिला घरी परत आल्यावर कळला. भिंतीपलीकडून मला जे ऐकू आलं त्यासाठी कान लावावा लागला नाही.

“लपवतोय? आवो, जळू लागली व्हती तेच्या पायाला! बागेतनं आला न्हवं तो. कप उचलताना मी बघितली, फुगून पडली व्हती चटईवर. मीठ टाकून भाईर फेकली. पोराच्या पायजम्याला रगात, आनी ह्यास्नी दिसला घोर!”

परसूअण्णा म्हणाला, “तिकडं जळवा नसत्यात गे.”

“तिकडं नसत्यात. हिकडं असत्यात. हिकडं कवा बघणार तुमी?”

मला त्या क्षणी जो आनंद झाला तो शोभणारा नव्हता. पण विचार करता त्या माणसाची अडचण लक्षात आली. त्यानं आपली सगळी विद्या वाळवंटात कमावली होती, आणि ती चालवायला बसला होता जोयडा तालुक्यात, जिथं पावसाळाभर अख्खा समाज, पंचायतीच्या अध्यक्षापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत, खाजवत असतो. सुनंदाचं लग्न पुढे त्याच मुलाशी झालं. परसूअण्णा स्वतः जगलबेटला जाऊन, हात जोडून, मोडलेलं जुळवून आला. मुलगा काहीही लपवत नव्हता. घोरतो मात्र फार, असं सुनंदा म्हणते.

रुक्माक्काबद्दल आता सांगायला हवं, कारण या गोष्टीत खरी अडचण तिची होती. परसूअण्णा तिकडं असताना वर्षामागून वर्षं तिनं एकटीनं दिग्गीचं शेत केलं. गवे भातात शिरले की डबा वाजवत तीच जायची. घरात मूल नव्हतं. दोन वर्षांनी कधी तरी नवरा रजेवर यायचा, साबण, अत्तर, एक घोंगडीएवढं ब्लँकेट आणायचा, आणि नूराच्या गोष्टी सांगायचा. कायमचा परत आल्यावरही तेच. गावातल्या बायका नूराला रुक्माक्काची सवत म्हणत. आधी पाठीमागं म्हणत, मग तोंडावर.

त्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, गणपतीच्या तसबिरीशेजारी नूराचा फोटो होता. रुक्माक्का त्या फोटोवर कॅलेंडर लावायची. परसूअण्णा सकाळी उठून ते काढून दुसऱ्या खिळ्याला लावायचा. संध्याकाळी कॅलेंडर परत नूरावर. यावरून दोघांत एकदाही शब्द झाला नाही. तिथं तिथी बघायला गेलं की कुठल्या वेळी कुठल्या खिळ्याकडे बघायचं, हे शेजाऱ्यांना पाठ झालं होतं.

एकदा तो त्याच सोप्यात चारचौघांना सांगत होता, की आपण रजेवर निघणार हे नूराला आदल्या दिवशीच कळायचं. “वठांचा असा चंबू करायची. असा. आनी हू-हू करायची बारीक आवाजात. आनी मी परत गेलो की पाठ करून बसायची. बोलवलं तरी वळायची न्हाई. तोंडात पानी धरून ठेवायची आनी जवळ गेलो की फुर्रकन अंगावर! लई जीव.”

रुक्माक्का चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

“आनी तुमी हिकडनं निघताना माझ्या वठांचं काय व्हायचं,” ती म्हणाली, “ते कवा बघितलासा काय?”

सगळे जमिनीकडे बघू लागले. परसूअण्णानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

“तू तर आत असायचीस की गे,” तो म्हणाला. “भाकऱ्या भाजत.”

ती कप ठेवून आत गेली. नंतर भांड्यांचा आवाज झाला. चिंपांझीनं डबा वाजवला तर त्याचा अर्थ या माणसाला लगेच लागायचा. इथं तो म्हणाला, “मांजर आलं वाटतं.”

तिकडचा मालक वारला. मुलांना प्राण्यांत रस नव्हता. त्यांनी ते सगळे एका मोठ्या उद्यानाला देऊन टाकले. नूरा आता म्हातारी झाली होती. नव्या जागी ती भिंतीकडे तोंड करून बसते, खात नाही, असा निरोप तिथल्या रखवालदारानं धाडला. हा रखवालदार केरळचा, परसूअण्णाच्या हाताखाली शिकलेला. त्यानं विनवलं, थोडे दिवस येऊन जा, उद्यानवाले तिकीट देतात. आणि आधी एकदा व्हिडिओवर तिला दिसा.

आमच्याकडे फोनला रेंज मिळते ती स्टेशनाबाहेर, हॉटेलच्या उजव्या बाकावर. त्यामुळे ही खासगी भेट सगळ्या गावासमोर झाली. बाकाभोवती गर्दी. मीही होतो, पेपर हातात घेऊन. रुक्माक्का जेवायला बोलवायच्या निमित्तानं आली आणि मागं उभी राहिली.

पडद्यावर आधी गज दिसले, मग एक काळी पाठ. परसूअण्णानं घशातून एक आवाज काढला, लागोपाठ धापा टाकल्यासारखा. आमच्यातल्या कुणी तो आवाज त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. काळी पाठ हलली. नूरा वळली, पुढं आली, इतकी पुढं की पडदाभर तिचा चेहरा झाला. अंगावरचा केस न् केस उभा. आणि तिचे ओठ मागं ओढले गेले, दात दिसले.

“हसली!” परसूअण्णा ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “बघा, बघा, वळीकलं! मला बघून हसली!”

गावातल्या सगळ्यांना तो पाठ शिकवून झाला होता. अगदी चहावाल्यालासुद्धा दिसलं होतं. पण सांगायचं कुणी?

“दात बघा तिचे,” मागून रुक्माक्का म्हणाली. “वरचे दिसतायत.”

परसूअण्णाचा चेहरा तसाच हसरा राहिला थोडा वेळ, मग एकेक रेघ उतरत गेली.

“हसत न्हाई ती,” रुक्माक्का म्हणाली. “भ्यालीया. म्हातारपणी उचलून नव्या जागी नेऊन टाकलीया, कोण वळखीचं न्हाई. तुमी दिसतायसा आनी हाताला लागत न्हाईसा. भिणार न्हाई तर काय करंल?” ती पदरानं हात पुसत होती. हात कोरडेच होते. “जावा तुमी.”

हे बोलताना तिच्याकडे बघणारा मी एकटाच असेन. बाकीचे सगळे नूराकडे बघत होते, आणि परसूअण्णाही.

मार्चमधल्या एका सकाळी तो निघाला. वास्कोला जाणाऱ्या गाडीनं गोव्यापर्यंत आणि तिथून विमान. फलाटावर निम्मं गाव. त्या दिवसांत इथलं रान वाळून कुरकुरीत झालेलं असतं. पानावर पाय पडला तर लांबून ऐकू येतो. परसूअण्णा डब्याच्या दारात उभा होता, बॅग पायांशी, नवा शर्ट. लोक सूचना करत होते. रुक्माक्का खाली उभी राहून किल्ली, औषध, स्वेटर असं एकेक विचारत होती आणि तो व्हय, व्हय म्हणत होता. विचारता विचारता ती डावा हात खाजवत होती. मनगटापासून कोपरापर्यंत, सावकाश, लांब ओरखडे.

परसूअण्णाचं व्हय म्हणणं थांबलं.

“काय झालं गे हाताला?”

“कुठं काय. जळू लागली आसंल.”

“जळू,” तो म्हणाला.

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. मग वर, तिच्या तोंडाकडे. मग फलाटापलीकडच्या वाळलेल्या रानाकडे एकदा, आणि परत तिच्याकडे. मी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होतो. आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण कुणी कुणाकडे असं बघावं आणि बघितलेलं दुसऱ्याला कळावं, हे मी समोर घडताना पहिल्यांदा पाहिलं. त्याला घालायला आणलेला माझ्या हातातला हार मी उगाच या हातातून त्या हातात घेतला.

गाडीनं हिसका दिला. परसूअण्णानं बॅग फलाटावर टाकली आणि मागोमाग उतरला.

“अण्णा, गाडी! गाडी सुटली की ओ!”

“जाऊं दे,” तो म्हणाला.

डबे एकेक करून निघून गेले. त्यानं रुक्माक्कासमोर हात पुढं केला, तळवा वर, मनगट सैल सोडलेलं. भांडण झाल्यावर चिंपांझी दुसऱ्याची समजूत काढायला असाच हात पुढं करतात, हे त्यानंच हॉटेलात आम्हाला कितीदा करून दाखवलं होतं. रुक्माक्कालाही ते माहीत असणार; दारात उभी राहून तिनं सगळंच ऐकलेलं होतं.

“लोकं बघतायत,” ती म्हणाली. “बॅग उचला आदी.”

मग तिनं त्या पुढं केलेल्या हातात घराची किल्ली ठेवली, आणि दोघं घराकडे गेली. मी तो हार घरी नेऊन माझ्या बायकोच्या फोटोला घातला. झेंडू चांगला होता, वाया कशाला घालवायचा.

त्यानं ठरवलं होतं, जाऊ तर दोघं. रुक्माक्का आधी म्हणाली, मी कशाला मरायला येऊ तिकडं. मग म्हणाली, बघू तरी कसली रंभा हाय. तिचा पासपोर्ट काढायला दोघं कारवारला जाऊन आली. चौकशीला पोलीस आला. परदेशी जायचं कारण विचारल्यावर रुक्माक्कानं सरळ सांगितलं, “नवऱ्याच्या पयल्या बाईला बघायला.” पोलीस बराच वेळ पेन घेऊन बसला होता. शेवटी मी जाऊन त्याला ‘पर्यटन’ सुचवलं.

मधल्या काळात व्हिडिओ चालूच होता. आता बाकावर परसूअण्णाशेजारी रुक्माक्का बसायची. पहिल्या दिवशी तिला पाहताच नूरानं पाठ फिरवली. मग उठून गेली, तोंडात पाणी भरून आली आणि फोनवर फवारा मारला. केरळचा रखवालदार पलीकडे धडपडला. परसूअण्णा ओशाळून बायकोकडे बघू लागला.

“व्हय, व्हय,” रुक्माक्का पडद्याला म्हणाली. “मी बी तसंच केलं आसतं.”

फणसाचे दिवस होते. ती बाकावर बसून गरे काढायची, एक स्वतः खायची, एक पडद्यासमोर धरायची. काही दिवसांनी नूरा तिच्याकडे बघत बघत केळं खाऊ लागली, असं सगळे सांगतात. नूराचं नवीन औषधही त्याच सुमारास सुरू झालं होतं, हे मी लक्षात आणून दिलं. कुणी ऐकलं नाही. सोप्यातलं कॅलेंडर मात्र एकदा तिथी बघायला गेलो तेव्हा भलत्या वेळी भलत्या खिळ्यावर होतं. संध्याकाळ झालेली, आणि नूरा उघडी.

पासपोर्ट, व्हिसा होईतो आषाढ उजाडला. घाटात ढग उतरलेले, फलाटाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. या वेळी निम्मं गाव आलं नाही; एकदा निरोप देऊन झाला होता, आणि पाऊस. छत्री घेऊन मी गेलो. रुक्माक्का खिडकीशी, नवं इरकल नेसून, मांडीवर मोठं गाठोडं. भाजलेल्या आठळ्या, वाळवलेले गरे.

“एवढं कशाला?” मी विचारलं.

“सवतीच्या घरी जातोय मास्तर. रिकाम्या हातानं जायचं काय?”

आमच्या स्टेशनात गाडी जरा जास्तच थांबते. घाट उतरायच्या आधी ब्रेक तपासतात. त्यामुळे निरोपाचं बोलणं संपून जातं आणि गाडी उभीच असते. मग दोन्हीकडची माणसं एकमेकांना बघत, काही तरी हसत राहतात. परसूअण्णा तिच्या खांद्यामागून माझ्याकडे बघून हसला. रुक्माक्कानं मान वळवून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“वरचे दिसतायत,” ती म्हणाली. “भिऊ नगासा. वळखील ती.”

त्यानं तोंड मिटलं. तिनं गाठोड्यावरचा एक हात काढून मागं, न बघता, त्याच्याकडे केला. तळवा वर. त्यानं तो धरला आणि धरून ठेवला. कधी परत येणार हे मी विचारलं. “फणस पिकले की,” ती म्हणाली.

इंजिननं शिट्टी दिली. गाडी हलताना रुक्माक्का खिडकीतून वाकली.

“मास्तर, काय झालं हाताला?”

मी खाली पाहिलं. छत्री धरलेला हात मी दुसऱ्या हातानं खाजवत होतो.

“जळू,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्यामागून तोही बघत होता, प्राणिसंग्रहातून निवृत्त झालेल्या माणसाच्या शांत नजरेनं. मग डबा ढगात शिरला, त्याच्या मागचा शिरला, आणि नुसता चाकांचा आवाज घाटात उतरत गेला.

मी घरी आलो. छत्री दारात टेकवली, बाही वर सारली, दिव्याखाली हात उलटा-सुलटा करून पाहिला. भर आषाढ, कॅसलरॉक, आणि जळू नव्हती.